पट्टी हातात देण्यापूर्वी: प्राथमिक वर्गात संख्या आणि मापन शिकवण्याचा क्रम

हा लेख बडोद्यात प्राथमिक वर्गांना शिकवायला नुकतीच सुरुवात केलेल्या शिक्षकांसाठी आहे. दांडिया बाजार, रावपुरा किंवा शहराबाहेरच्या नव्या सोसायट्यांत संध्याकाळी मराठी मुलांचे छोटे अभ्यासवर्ग चालवणाऱ्यांना आणि घरीच मुलांचा अभ्यास घेणाऱ्या पालकांनाही तो उपयोगी पडावा. पहिली ते चौथीच्या पुस्तकांत संख्या आणि मापन ही प्रकरणे वेगवेगळी असतात आणि त्यामुळे शिकवतानाही ती वेगळी पडतात. वर्षाचा मोठा भाग संख्यालेखन, बेरीज आणि वजाबाकी यांत जातो आणि लांबी, वजन, धारकता ही पाने परीक्षेच्या तोंडावर घाईने उलटली जातात. वास्तविक मापन म्हणजे सारख्या आकाराचे तुकडे मोजणे होय. ज्या मुलाला मोजण्याचा अर्थ कळला आहे त्याला मापन अवघड जात नाही, आणि ज्याने हाताने मापले आहे त्याच्या डोक्यात संख्येला आकारमान मिळते. म्हणून पुढे दिलेल्या क्रमात मुलाने आधी नुसती तुलना करावी, मग त्याला मोजण्याची गरज वाटावी, आणि सेंटिमीटर, ग्रॅम, मिलिलिटर ही नावे सर्वांत शेवटी यावीत, असे धोरण ठेवले आहे.

मूल मोजते की नुसते म्हणते?

‘आमच्या मुलीला शंभरपर्यंत येते’ असे पालक कौतुकाने सांगतात. बहुतेक वेळा ते पाठांतर असते. पाठांतर वाईट नव्हे, कारण शब्दांचा क्रम पाठ नसेल तर मोजता येणारच नाही. परंतु तेवढ्यावरून मुलाला संख्या कळली असे ठरवू नये. नवीन वर्ग हाती आल्यावर पहिल्या आठवड्यातच प्रत्येक मुलाला थोडा स्वतंत्र वेळ देऊन पुढील तपासणी करावी.

एका फडक्यावर अकरा चिंचोके विखरून ठेवावेत आणि ‘हे किती आहेत?’ असे विचारावे. काही मुलांचे बोट आणि तोंड एका वेगाने चालत नाही. बोट दोन चिंचोके ओलांडते तोवर तोंडातून तीन शब्द निघून गेलेले असतात. काही मुले एकदा मोजलेला चिंचोका पुन्हा मोजतात. अशा मुलांना मोजलेला प्रत्येक चिंचोका उचलून वाटीत टाकायला सांगावे, म्हणजे मोजलेले आणि न मोजलेले आपोआप वेगळे राहतात. मुलाने ‘अकरा’ म्हणून मोजणी संपवली की लगेच पुन्हा विचारावे, ‘मग किती आहेत?’ जे मूल थेट ‘अकरा’ असे उत्तर देते, त्याला शेवटी उच्चारलेला शब्द साऱ्या समूहाचा आहे हे उमगलेले असते. जे मूल पुन्हा पहिल्यापासून मोजू लागते, त्याच्या लेखी ‘अकरा’ हे अजून शेवटच्या चिंचोक्याचेच नाव असते. रॉशेल गेलमन आणि गॅलिस्टेल या संशोधकांनी १९७८ मध्ये मुलांच्या मोजणीमागची जी तत्त्वे मांडली, त्यांत हा भेद महत्त्वाचा होता, आणि नवख्या शिक्षकाच्या नजरेतून नेमका तोच निसटतो.

यानंतर ‘यांतले सात मला दे’ असे सांगावे. हे काम मोजण्यापेक्षा कठीण आहे, कारण येथे चिंचोके संपल्यामुळे थांबता येत नाही. सात हा आकडा मनात धरून मुलाला स्वतःहून थांबावे लागते. वीसपर्यंत सफाईने मोजणारी मुलेसुद्धा येथे मूठभर चिंचोके पुढे करतात. शेवटी मुलासमोर सात-सात चिंचोक्यांच्या दोन सारख्या ओळी मांडाव्यात, त्यांतील एक ओळ पसरून लांब करावी आणि ‘आता कोणत्या ओळीत जास्त आहेत?’ असे विचारावे. स्विस मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांच्या या प्रसिद्ध प्रयोगात लहान मुले लांब ओळीकडे बोट दाखवतात. त्या वेळी ‘चूक’ असे म्हणून काही साधत नाही. मुलालाच चिंचोके पुन्हा जवळ आणू द्यावेत, जोड्या लावू द्याव्यात आणि काही दिवसांनी तोच प्रश्न विचारावा.

या टप्प्यावर निराळा तास घेण्याची आवश्यकता नाही. ‘तुझ्या रांगेत जितकी मुले आहेत तितकेच कागद आण, फेरी मात्र एकच’ असे रोजचे काम द्यावे, म्हणजे मुलाला जागेवरून उठण्यापूर्वी मोजावे लागते आणि संख्या लक्षात ठेवून कपाटापर्यंत जावे लागते. साहित्य म्हणून चिंचोके, सागरगोटे, बाटल्यांची झाकणे, खराट्याचे हीर यांपैकी काहीही चालेल. गुंजा दिसायला सुंदर असतात आणि जुन्या घरांत कधीकधी सापडतातही. परंतु त्यांचे बी विषारी असते, म्हणून त्या लहान मुलांच्या हाती मुळीच देऊ नयेत.

तीन भाषांतील संख्यानामे

बडोद्यातील मराठी मुलाची एक अडचण पुण्या-नाशिकच्या मुलाला तितकीशी नसते. घरी आजी ‘पंचवीस’ म्हणते, भाजीवाला ‘पच्चीस’ म्हणतो आणि शाळा इंग्रजी माध्यमाची असेल तर तेथे ‘ट्वेंटी-फाइव्ह’ म्हणतात. मराठी आणि गुजराती या दोन्ही भाषांत एकक आधी आणि दशक नंतर उच्चारला जातो. इंग्रजीत वीसच्या पुढे दशक आधी येतो. लिहिताना मात्र सर्वत्र दशक डावीकडेच असतो. त्यामुळे ‘पंचवीस’ ऐकून ५२ लिहिणारे मूल निष्काळजी नसते. त्याने ऐकलेल्या क्रमाने लिहिलेले असते. हे शिक्षकाने मनाशी पक्के केले की लाल शाईचा वापर बराच कमी होतो.

त्यात ‘एकोण’ची भर पडते. एकोणतीस या शब्दात तीस ऐकू येते आणि लिहायचे असतात २ आणि ९. गुजरातीतही ‘ओगणत्रीस’ असाच असल्याने येथे दोन्ही भाषा एकमेकींना आधार देतात. मात्र ८९ वर त्या वेगळ्या होतात, कारण मराठीत आपण एकोणनव्वद म्हणतो आणि गुजरातीत ते ‘नेव्यासी’ होते. अंकांच्या रूपांचाही घोटाळा होतो. देवनागरी १ हा इंग्रजी पद्धतीच्या नऊसारखा आणि देवनागरी ४ हा आठसारखा दिसतो. जे मूल दोन्ही लिप्यांत लिहिते त्याच्या वहीत ही अदलाबदल काही काळ राहणारच. एका तासात एकच लिपी वापरावी आणि ती फळ्याच्या कोपऱ्यात शून्यापासून नऊपर्यंत लिहून ठेवावी.

महाराष्ट्रात २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ असे संख्यावाचन आले तेव्हा मोठा वाद झाला होता. माझे मत असे की, ही वाचनपद्धत शिडी म्हणून फार उपयोगी आहे. काड्यांचे दोन गठ्ठे आणि पाच सुट्या काड्या पाहून मुलाने प्रथम ‘दोन दशक पाच’ किंवा ‘वीस आणि पाच’ म्हणावे, मग ‘पंचवीस’ म्हणावे, आणि शाळेत लागत असेल तर इंग्रजी नावही जोडावे. परंपरागत नावे सोडून देण्याचे कारण नाही, कारण बाजारात आणि घरात तीच चालतात. ती नावे गठ्ठ्यांच्या मागून यावीत, एवढाच आग्रह धरावा.

गठ्ठे मुलांनी स्वतः बांधले पाहिजेत. खराट्याचे हीर सारख्या लांबीचे कापून द्यावेत आणि दहा झाले की रबर लावून ‘दशक’ करायला सांगावे. वजाबाकीत गरज पडली की तोच गठ्ठा सोडून दहा सुटे करता येतात. ‘उसने घेणे’ म्हणजे काय, हे मुलाला तेव्हा डोळ्यांनी दिसते. दहा रुपयांची नोट आणि एक रुपयाची नाणी ही सोय त्यानंतरची. नोट उघडून आत दहा नाणी दिसत नाहीत, म्हणून ज्या मुलाने गठ्ठे हाताळलेले नाहीत त्याच्यासाठी नोट हा केवळ निराळ्या रंगाचा कागद राहतो.

जमिनीवरची संख्यारेषा

संख्येकडून मापनाकडे जाताना मधला पूल म्हणून ही कृती अवश्य घ्यावी. वर्गात किंवा ओसरीवर सारख्या लाद्या असतील तर खडूने एक सरळ रेघ मारून लाद्यांच्या सांध्यांवर आडव्या खुणा कराव्यात आणि पहिल्या खुणेखाली शून्य लिहावे. मुलाने शून्यावर उभे राहावे, एक लादी ओलांडली की ‘एक’ म्हणावे, दुसरी ओलांडली की ‘दोन’. येथे मोजायचे असते ते दोन खुणांमधले अंतर, खुणा नव्हेत. पुष्कळ मुले उभ्या असलेल्या खुणेलाच ‘एक’ म्हणून सुरुवात करतात. तसे झाले की त्यांना विचारावे, ‘तू अजून किती लाद्या चाललीस?’ ‘एकही नाही’ हे उत्तर त्यांच्याच तोंडून आले म्हणजे शून्य खुणेखाली का लिहिले आहे, हे वेगळे सांगावे लागत नाही. पुढे पट्टीवर होणाऱ्या निम्म्या चुकांचे मूळ या एका ठिकाणी असते, म्हणून येथे आठवडा गेला तरी जाऊ द्यावा. बेरीज म्हणजे पुढे चालणे आणि वजाबाकी म्हणजे मागे येणे, हा खेळही याच रेषेवर करून घ्यावा.

लांबी

लांबीची सुरुवात आकड्याशिवाय करावी. दोन पेन्सिली एकमेकींशेजारी ठेवून कोणती लांब, हे मुले सहज सांगतात. मात्र दोघींची एक बाजू एका रेषेत आणली पाहिजे, याकडे त्यांचे लक्ष नसते. एक पेन्सिल थोडी पुढे सरकवून ठेवली की ‘ही लांब’ असे उत्तर येते. सरळ रेषेत आणून पाहण्याची सवय लागल्यावर मग अशा दोन वस्तू द्याव्यात ज्या शेजारी ठेवताच येत नाहीत: उदाहरणार्थ, वर्गाच्या दाराची रुंदी आणि फळ्याची उंची. टेबल सरकवून बघू, दार काढून आणू, असे गमतीदार उपाय मुले सुचवतात आणि शेवटी कोणीतरी दोरी मागते. ती मागणी मुलांकडूनच येऊ द्यावी. दोरीवर गाठ मारून दाराची रुंदी फळ्यापाशी नेली की तुलना झाली, आणि तरीही अजून एकही आकडा आलेला नाही.

यानंतर ‘किती लांब?’ हा प्रश्न येतो. प्रथम सारख्या लांबीच्या पुष्कळ वस्तू द्याव्यात. आइस्क्रीमच्या काड्या उत्तम. बाकाच्या कडेवर त्या टोकाला टोक लावून मांडायच्या आणि मोजायच्या. काही मुले मध्ये फटी सोडतात, काही एकीवर दुसरी चढवतात. एकाच बाकाचे दोन गटांना दोन निरनिराळे आकडे आले की शिक्षकाने निकाल देऊ नये. दोन्ही गटांना एकमेकांची मांडणी पाहायला पाठवावे. पुढच्या दिवशी प्रत्येक गटाला एकच काडी द्यावी. आता काडी उचलून पुढे ठेवण्यापूर्वी तिच्या टोकाशी खूण करावी लागते, आणि तीच काडी पुन्हा पुन्हा वापरून केलेली मोजणी म्हणजे मापन, ही कल्पना हातात बसते. पुस्तकांतून हा टप्पा बहुधा वगळलेला असतो.

मग वीत, हात आणि पाऊल. ओसरी शिक्षकांच्या पावलांनी मोजावी, मुलांच्या पावलांनी मोजावी आणि दोन्ही आकडे फळ्यावर शेजारी लिहावेत. मोठ्या पावलांचा आकडा लहान का आला, हा प्रश्न विचारून थांबावे. माप मोठे असले की संख्या लहान येते, हा उलटा संबंध बऱ्याच मुलांना दुसरीतही चटकन पटत नाही आणि चौथीत मीटरचे सेंटिमीटर करताना गुणायचे की भागायचे, हा गोंधळ येथूनच निघतो. ‘दुकानदाराला तुझ्या हाताने कापड मोजू दिले तर?’ असे विचारले की सर्वांना सारखे माप लागते, हे मुलेच सांगतात. आता पट्टी देण्याची वेळ आली.

पहिली पट्टी मात्र मुलांनी स्वतः करावी. जाड कागदाच्या पट्टीवर एक सेंटिमीटर रुंदीचे तुकडे आळीपाळीने दोन रंगांत चिकटवावेत, दहा तुकडे झाले की थांबावे आणि प्रत्येक तुकडा जेथे संपतो तेथे त्याचा आकडा लिहावा. त्यानंतर कंपासपेटीतली तयार पट्टी आणि ही पट्टी शेजारी ठेवून काय सारखे आणि काय वेगळे, ते शोधायला सांगावे. अनेक प्लॅस्टिकच्या पट्ट्यांवर शून्य अगदी कडेला नसते, थोडे आत असते. कड जुळवून मोजणाऱ्या मुलाचे प्रत्येक उत्तर त्यामुळे जरासे चुकते. ही गोष्ट मुलांना शोधू दिली तर ती त्यांना कायम लक्षात राहते.

बडोद्यात लांबीची दोन जगे एकत्र नांदतात आणि शिक्षकाने त्यांकडे डोळेझाक करू नये. कापड मीटरने मिळते, पण नवरात्रीपूर्वी चणियाचोळीचे माप घेताना शिंपी इंचांत बोलतो. सुतार आणि घर बांधणारे फूट वापरतात. आणि उत्तरायणाच्या सुमारास पतंगाची फिरकी ‘हजार वार’, ‘पाच हजार वार’ अशी विकली जाते. पतंगवेड्या चौथीच्या मुलाला वार म्हणजे तीन फूट, म्हणजे ९१.४४ सेंटिमीटर, मीटरपेक्षा किंचित कमी, हे सांगितले तर हजार वार म्हणजे एक किलोमीटरपेक्षा कमी की जास्त, हा प्रश्न त्याला स्वतःचा वाटतो. पहिली-दुसरीत मात्र इंच आणि फूट आणू नयेत. शिंप्याच्या टेपवर एका बाजूला इंच आणि दुसऱ्या बाजूला सेंटिमीटर असतात, म्हणून लहान वर्गात टेप वापरायचा असेल तर इंचांची बाजू कागदाने झाकावी.

तिसरी-चौथीसाठी एक बाहेरची कृती सुचवतो. सकाळी दुकाने उघडण्यापूर्वी लहेरीपुरा दरवाजापासून मांडवीपर्यंतचा सरळ रस्ता मुलांनी पावलांनी मोजावा. प्रत्येकाच्या उजव्या खिशात चिंचोके असावेत. दहा पावले झाली की एक चिंचोका डाव्या खिशात टाकावा. वर्गात परतल्यावर डाव्या खिशातले चिंचोके दहा-दहाचे गट करून मोजले की शंभर पावले, दोनशे पावले दिसू लागतात, आणि दशक, शतक ही नावे त्या चालण्याशी जोडली जातात. मग मीटरच्या दोरीने आपली दहा पावले मोजून प्रत्येकाने अंतर मीटरमध्ये काढावे. उत्तरे एकमेकांशी तंतोतंत जुळणार नाहीत आणि जुळावीत अशी अपेक्षाही धरू नये. अशा वेळी दोन मोठी माणसे सोबत असणे आवश्यक आहे, कारण त्या रस्त्यावर सकाळीही स्कूटर थांबत नाहीत.

वजन

वजन डोळ्यांना दिसत नाही, म्हणून येथे मुले आकारावर विसंबतात. कुरमुऱ्यांची फुगीर पिशवी आणि मिठाची एक किलोची पिशवी दोन हातांत देऊन सुरुवात करावी. पुढे तागडी लागते. हँगरच्या दोन टोकांना सारख्या कापडी पिशव्या अडकवून मधोमध टांगले की काम भागते; फक्त रिकाम्या पिशव्यांनी हँगर सरळ राहतो ना, ते मुलांसमोर तपासावे. वजनासाठी आधी चिंचोके किंवा काचेच्या गोट्या वापराव्यात आणि ‘या डस्टरचे वजन किती गोट्या?’ असे विचारावे. मग दुकानातली पाकिटे आणावीत: एक किलो, अर्धा किलो, शंभर ग्रॅम.

खंडेराव मार्केटमध्ये आता बहुतेक ठिकाणी इलेक्ट्रॉनिक काटे आहेत. मूल त्यावरचा आकडा वाचते, पण दोन पारडी समान होताना पाहत नाही, आणि समानता ही कल्पना तर पुढे बरोबरच्या चिन्हासाठी लागणार असते. म्हणून तागडी वर्गात राहिलीच पाहिजे. चौथीच्या मुलांना घरातली तेलाची एक लिटरची पिशवी वाचायला सांगावी. तीवर अनेकदा ९१० ग्रॅम असेही छापलेले असते. एक लिटर पाण्याचे वजन सुमारे एक किलो भरते आणि तेल त्याहून हलके असते, एवढे सांगितले की लिटर आणि किलो यांची सरमिसळ कमी होते.

धारकता, आणि पाव-अर्धा-पाऊण

पियाजे यांचा पेल्यांचा प्रयोग मुलांसमोर करावाच. बुटक्या, रुंद पेल्यातले पाणी उंच, निमुळत्या पेल्यात ओतले की सात वर्षांच्या आतली बरीच मुले ‘जास्त झाले’ म्हणतात. पाणी पुन्हा पहिल्या पेल्यात ओतून दाखवावे आणि समजावण्याच्या भानगडीत पडू नये. ही कृती अंगणात किंवा मोरीजवळ घ्यावी. दुधाची अर्ध्या लिटरची पिशवी हे घरोघरी असलेले माप आहे. घरातली वाटी त्या पिशवीत किती वेळा भरते, हे प्रत्येकाने करून आणावे. वाट्या लहान-मोठ्या असल्याने उत्तरे निरनिराळी येतील आणि चर्चा आपसूक होईल.

येथेच अपूर्णांकांचा पाया घालता येतो, आणि आपल्या भाषेत त्यासाठी तयार साहित्य आहे. मुले शाळेत येण्यापूर्वीच पाव किलो, अर्धा लिटर, सव्वासात, दीड मीटर, अडीच, पावणेदोन हे शब्द ऐकत असतात. गुजरातीतही पा, अडधो, पोणो, सवा, दोढ, अढी तसेच आहेत. छेद-अंश लिहिण्याच्या आधी दोन वर्षे हे शब्द वस्तूंशी जोडावेत. जुन्या मराठी घरांत धान्य मोजायची पितळी मापे उरली असतील तर ती मागून आणावीत: दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. तांदूळ ओतून भरताना शेरापर्यंतचे प्रत्येक माप आधीच्या दुप्पट आणि पायली शेराच्या चौपट आहे हे दिसते, आणि अर्धा, पाव हे शब्द उलट्या दिशेने सापडतात. आजोबांच्या लहानपणी हेच मापन चालत असे. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली आणि ऑक्टोबर १९५८ पासून मेट्रिक वजने टप्प्याटप्प्याने रूढ झाली. पूर्वी त्यासाठी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि साडेतीनची औटकीसुद्धा पाठ करून घेत. ती पाठांतरे परत आणावीत असे मी म्हणणार नाही. पण दुप्पट आणि निम्मे करण्याची सहजता आजच्या मुलांत कमी दिसते, ती तांदळाच्या मापांनी येते.

एक काळजी घ्यावी. ‘पाव किलो’ म्हणजे २५० ग्रॅम आणि ‘सव्वाशे’ म्हणजे १२५ हे दोन्ही पावाचेच व्यवहार आहेत, परंतु एक हजाराचा पाव आहे आणि दुसरा शंभराचा. प्रत्येक वेळी ‘कशाचा पाव?’ असे विचारण्याची सवय शिक्षकाने स्वतःला लावून घ्यावी. ‘साडेएक’ म्हणणाऱ्या मुलाला हसू नये. साडेतीन, साडेचार ऐकून त्याने नियम बरोबर ओळखला आहे, दीड आणि अडीच हे अपवाद तेवढे त्याला सांगायचे.

वेळ आणि पैसे

घड्याळ शिकवताना काही दिवस केवळ तास काटा असलेले पुठ्ठ्याचे घड्याळ वापरावे. काटा पाच आणि सहाच्या मध्यावर असला की साडेपाच, सहाच्या अगदी जवळ असला की पावणेसहा झाले असावेत, एवढे मुलांना त्या एका काट्यावरून सांगता येते. मिनिट काटा नंतर आणावा. वेळेत साठाचे गट असतात, दहाचे नव्हेत, म्हणून वेळेची उभ्या मांडणीतली वजाबाकी चौथीपूर्वी घेऊ नये. संख्यारेषेवर पुढे चालत अंतर काढू द्यावे. पैशांबाबत फार लिहीत नाही, कारण मुले ते व्यवहारातून शिकतात. फक्त पंचवीस पैशांचे नाणे २०११ मध्ये चलनातून गेले आहे आणि बरीच खरेदी फोनवरून होते, त्यामुळे सुटे परत घेण्याचा अनुभव मुद्दाम द्यावा लागतो. वर्गातले दुकान त्यासाठी पुरेसे आहे.

पुढे जाण्यापूर्वीची तपासणी

मीटर-सेंटिमीटर आणि किलो-ग्रॅम यांची रूपांतरे सुरू करण्यापूर्वी प्रत्येक मुलाला तीन कामे द्यावीत. पहिले, मोजण्यापूर्वी अंदाज सांगणे: टेबलाची लांबी किती विती, बाटलीत किती पेले. अंदाज चुकला तरी चालेल. मात्र टेबल ‘पाचशे मीटर’ असे उत्तर आले तर आकडा आणि आकारमान यांची अजून गाठ पडलेली नाही, असे समजावे. दुसरे, एकच लांबी मोठ्या काडीने आठ भरली तर निम्म्या लांबीच्या काडीने किती भरेल, हे न मोजता सांगणे. तिसऱ्या कामासाठी जुनी पट्टी घेऊन तिचा तीनच्या अलीकडचा भाग कापून टाकावा, उरलेली पट्टी पेन्सिलीच्या तुकड्याला लावून द्यावी, तुकड्याचे एक टोक तीनवर आणि दुसरे आठवर यावे, आणि लांबी विचारावी. ‘आठ’ म्हणणारे मूल फक्त शेवटचा आकडा वाचते. त्याला पुन्हा कागदी पट्टी करू द्यावी. ‘सहा’ म्हणणारे मूल तीन, चार, पाच, सहा, सात, आठ अशा खुणा मोजते. त्याला लाद्यांवरच्या रेषेकडे परत न्यावे. ‘पाच’ म्हणणाऱ्या मुलाला ‘कसे काढलेस?’ असे विचारून त्याचे बोट मधल्या जागांवरून फिरते का, ते पाहावे, आणि तसे फिरत असेल तर दुसऱ्याच दिवशी रूपांतरांना सुरुवात करावी.